जंताचे औषध पाजूनही शेळ्या खंगत असतील तर

पावसाळ्याच्या तोंडावर सगळ्या कळपाला जंताचे औषध पाजले जाते, महिनाभर शेळ्या बऱ्या दिसतात आणि श्रावण सरता सरता त्याच शेळ्या पुन्हा मागे पडू लागतात. केस राठ होतात, दूध आटते, करडांच्या बरगड्या मोजता येतात आणि एखाद्या संध्याकाळी एका शेळीच्या जबड्याखाली पाणी भरल्यासारखी मऊ सूज लोंबताना दिसते. मग दुकानातून दुसऱ्या नावाची बाटली येते, तीही पाजून होते आणि भाद्रपदात पुन्हा तेच घडते. धाराशिव जिल्ह्यात बालाघाटाच्या माळावर मी गेली अकरा वर्षे उस्मानाबादी शेळ्या पाळतो. त्यांपैकी पहिली सहा वर्षे माझ्या गोठ्यात हे चक्र न चुकता फिरत होते.

सहाव्या वर्षी चार मोठ्या शेळ्या आणि सात करडे गेली, तेव्हा मी पशुवैद्यकांना गोठ्यात आणले आणि औषधात भेसळ असावी अशी तक्रार केली. त्यांनी समोरच्या शेळीकडे बोट दाखवून विचारले, "हिचे वजन किती?" मी म्हणालो, "डॉक्टर, असेल पंचवीस-तीस." "आणि औषध किती पाजले?" "सगळ्यांना दहा मिली." त्यांनी गाडीतून लटकता काटा काढला, पोत्याची झोळी करून शेळी त्यात उचलली आणि काट्यावर ३८ किलो दिसले. बाटलीवर अल्बेंडाझोल २.५ टक्के असे लिहिले होते, म्हणजे एका मि.लि.मध्ये २५ मि.ग्रॅ. औषध. शेळीला साधारणपणे दर किलो वजनाला १० मि.ग्रॅ. अल्बेंडाझोल द्यावे लागते, त्या हिशेबाने तिला ३८० मि.ग्रॅ., म्हणजे सुमारे १५ मि.लि. औषध हवे होते. मी तिला २५० मि.ग्रॅ. देत आलो होतो. सहा वर्षे माझ्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत दुधाळ शेळ्यांना मी दोन तृतीयांश मात्राच पाजत होतो आणि दोष मात्र बाटलीला देत होतो.

ज्यांच्याकडे ही तक्रार वर्षानुवर्षे परत परत येते, त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. माझ्या अनुभवाने सांगतो की बहुतेक वेळा औषध नकली नसते. मात्रा अंदाजाने दिलेली असते, जंत दुसऱ्याच जातीचा असतो, किंवा त्या गटाच्या औषधाला जंत सरावलेले असतात. यांपैकी नेमके काय घडले आहे हे शोधल्याशिवाय पुढची बाटली उघडू नये.

हा जंतच आहे का, आणि कोणता?

आपल्या भागात शेळ्यांचा सर्वांत मोठा घात करणारा जंत म्हणजे हिमोंकस. हा गोलकृमी शेळीच्या चौथ्या पोटात राहतो आणि रक्त पितो. मेलेल्या शेळीचे चौथे पोट उघडले की दोन ते तीन सेंटिमीटर लांबीचे, लाल-पांढऱ्या पिळाच्या सुतळीसारखे बारीक जंत आतल्या अस्तरावर वळवळताना दिसतात. पांढरी अंडनलिका रक्ताने भरलेल्या आतड्याभोवती गुंडाळलेली असल्यामुळे मादीच्या अंगावर तो पीळ दिसतो. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मि.लि. रक्त घालवतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण हजार जंत असतील तर दिवसाला ५० मि.लि. आणि महिन्याला दीड लिटर रक्त जाते, आणि २५ किलोच्या शेळीच्या अंगात रक्तच मुळी पावणेदोन लिटरच्या आसपास असते. शेळी नवे रक्त तयार करत राहते म्हणून काही काळ तग धरते, आणि चारा निकृष्ट झाला, ती व्यायली किंवा लांब चालावे लागले की एकदम कोसळते.

या जंताची सर्वांत फसवी गोष्ट ही की त्यामुळे सहसा हगवण लागत नाही. लेंड्या नेहमीसारख्या गोल आणि कोरड्या पडत राहतात, त्यामुळे "पोट तर ठीक आहे" असे म्हणून आपण निर्धास्त राहतो. माझ्या मेलेल्या चारही शेळ्यांच्या लेंड्या शेवटपर्यंत घट्ट होत्या. खुणा दिसत होत्या त्या वेगळ्या: कळपाच्या मागे राहणे, चढ आला की थांबणे, धाप लागणे, आणि संध्याकाळी घरी येताना जबड्याखाली दिसणारी सूज. रक्तातील प्रथिने कमी झाल्याने तिथे पाणी साठते. चरताना मान दिवसभर खाली असते म्हणून ही सूज संध्याकाळी जास्त दिसते आणि रात्रीतून थोडी ओसरते, त्यामुळे सकाळी पाहणाऱ्याला ती चुकू शकते.

पातळ हगवण, शेपटीखाली माखलेले केस आणि हळूहळू घटणारे वजन दिसत असेल, तर आतड्यातील दुसऱ्या गोलकृमींचा किंवा रुमेन फ्ल्यूक या चपट्या जंताच्या कोवळ्या अवस्थेचा विचार करावा लागतो. तीन आठवडे ते पाच महिने वयाच्या करडांना काळपट, शेंबडासारखी किंवा रक्तमिश्रित हगवण लागली आणि ती कुंथत असली, तर बहुधा तो कॉक्सिडिया असतो. हा सूक्ष्म परजीवी जंत नव्हे, म्हणून अल्बेंडाझोल असो वा आयव्हरमेक्टिन, जंताचे कोणतेही औषध त्यावर चालत नाही. त्याची औषधे निराळी आहेत आणि ती पशुवैद्यकाच्या सांगण्यावरूनच, ठरलेल्या दिवसांपुरती द्यायची असतात. "करडांना दोनदा जंताचे औषध दिले तरी हगवण थांबत नाही," असे कुणी सांगितले की मी पहिला प्रश्न करडांच्या वयाचा विचारतो.

लेंडीवर भाताच्या शितांसारखे पांढरे तुकडे दिसले की लोक घाबरून जातात. ते पट्टकृमीचे असतात. डोळ्यांना दिसतात म्हणून ते मोठे संकट वाटतात, पण मोठ्या शेळीला त्यांचा उपद्रव सहसा कमीच असतो. हिमोंकसची अंडी मात्र सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. तेव्हा शिते दिसली नाहीत म्हणजे जंत नाहीत, असे मानणे धोक्याचे आहे.

पर्णकृमी, म्हणजेच लिव्हर फ्ल्यूक, पाणथळ जागेचा रोग आहे. पाझर तलावाचा चिखलाचा काठ, कॅनॉलची गळती, कोकणातली आणि भंडारा-गोंदियाकडची भाताची खाचरे अशा ठिकाणी पाण्यातल्या गोगलगाईंमधून तो पसरतो. आमच्या कोरड्या माळावर तो नसेल अशी माझी समजूत होती, पण उन्हाळ्यात मीच शेळ्या तलावाच्या ओल्या काठावरच्या हिरव्या गवतावर नेत होतो. याच्या खुणा बऱ्याचदा पावसाळा संपल्यानंतर, थंडीत दिसतात आणि जबड्याखालची सूज याच्यामुळेही येते. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन पर्णकृमीवर आणि पट्टकृमीवर काम करत नाही, हे लक्षात ठेवणे महत्त्वाचे आहे, कारण "सुई मारली म्हणजे सगळे जंत गेले" हा समज गावोगाव पक्का बसलेला आहे. अल्बेंडाझोल वाढीव मात्रेत फक्त पूर्ण वाढलेल्या पर्णकृमीवर चालते; कोवळ्या पर्णकृमीसाठी ट्रायक्लाबेंडाझोलसारखे वेगळे औषध लागते.

शेळी पांढरी पडली म्हणजे जंतच, असेही नाही. अंगावर गोचिडांचे किंवा उवांचे थर असतील तरी रक्त कमी होते, आणि गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही डोळे फिके पडतात. म्हणून आधी कानाच्या आत, शेपटीखाली आणि कासेजवळ हात फिरवून पाहावा आणि ताप मोजावा. ताप, नाकातून घट्ट स्राव, तोंडात फोड आणि सोबत हगवण असेल तर तो पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा विषाणूजन्य रोग असू शकतो. अशा वेळी जंताच्या औषधात दिवस न घालवता १९६२ या पशुसंवर्धन विभागाच्या निःशुल्क क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तत्काळ कळवावे.

डोळ्याची पापणी पाहण्याची पद्धत

हिमोंकससाठी सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट फुकट आहे. दक्षिण आफ्रिकेत फाफा मलान या पशुवैद्यकाच्या कामातून डोळ्याच्या आतल्या रंगावरून रक्ताची कमतरता ओळखण्याची फमाचा ही पद्धत तयार झाली आणि तिचे नावही त्यांच्याच नावावरून पडले. शेळीला सावलीत न ठेवता उघड्या उजेडात उभी करावी. एका अंगठ्याने वरची पापणी हलकेच दाबून डोळा झाकावा, दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी खाली ओढावी, म्हणजे आतला ओलसर पडदा बाहेर उमलतो. त्याचा रंग दोन-तीन सेकंदांत पाहून घ्यावा, कारण पापणी जास्त वेळ ताणून धरली की तिथे रक्त उतरते आणि रंग खोटा दिसतो. उस्मानाबादी शेळीची पापणी बाहेरून काळी असते, पण आतला पडदा काळा नसतो. दोन्ही डोळे पाहावेत आणि जो अधिक फिका, तो धरावा.

या पद्धतीत पाच पायऱ्या आहेत. डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल म्हणजे पहिली, त्यानंतर लालसर गुलाबी, मग गुलाबी, मग फिका गुलाबी आणि शेवटी खडूसारखा पांढरा. चौथ्या आणि पाचव्या पायरीवरच्या शेळीला औषध द्यावेच लागते. तिसऱ्या पायरीवरची शेळी गाभण, दुभती किंवा रोड असेल तर तिलाही द्यावे, आणि करडांच्या बाबतीत तिसऱ्या पायरीवर थांबून वाट पाहू नये. पहिल्या दोन पायऱ्यांवरच्या धडधाकट शेळ्यांना औषध न देता सोडून द्यावे. पावसाळ्यात मी दर पंधरा दिवसांनी आणि उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पापण्या पाहतो. चाळीस शेळ्यांना दोघांना मिळून तासभर पुरतो. रंगाचा प्रमाणित तक्ता मिळाला आणि पशुवैद्यकाकडून एकदा हात बसवून घेतला तर चूक कमी होते. मोबाईलवरच्या फोटोवरून रंग ठरवू नये.

धडधाकट शेळ्यांना औषध का द्यायचे नाही, असा प्रश्न आमच्या गावातल्या जाणत्या शेळीपालकांनीही मला विचारला आहे, आणि तो रास्त आहे. कळपातल्या साधारण २० ते ३० टक्के शेळ्यांच्या पोटातूनच बहुतांश अंडी बाहेर पडत असतात. सगळ्यांना औषध दिले की औषधाला दाद न देणारे तेवढे जंत जगतात, आणि रानात पडणारी सगळी अंडी त्यांचीच असतात. काही शेळ्यांच्या पोटात औषध न लागलेले, औषधाने मरू शकणारे जंत राहिले, तर रानात त्यांची अंडी मिसळत राहतात आणि औषधाची धार टिकते. दर तीन महिन्यांनी सरसकट सगळ्यांना औषध पाजण्याचा आपला रिवाज म्हणूनच मला आता पटत नाही. त्यातही उन्हाळ्याच्या शेवटी, रान करपून गवतावर अळ्या जवळजवळ उरलेल्या नसताना सगळा कळप एकदम पाजला, तर पुढच्या पावसाचे रान आपण चिवट जंतांच्याच हवाली करतो. व्यायला आलेल्या शेळ्या मात्र वेगळ्या धरल्या पाहिजेत. विण्याच्या दोन आठवडे आधीपासून पुढे सहा-आठ आठवडे त्यांची प्रतिकारशक्ती खालावते आणि अंडी कितीतरी पटींनी वाढतात, आणि ती त्यांच्याच करडांच्या तोंडात जातात.

मात्रा कुठे चुकते

वजन करायला शंभर किलोचा लटकता काटा आणि मजबूत पोते पुरेसे आहे. काटा नसेल तर टेपने पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी करून १०,८४० ने भागले की अंदाजे किलोत वजन येते. घेर ६५ आणि लांबी ६० असलेली शेळी या हिशेबाने साडेतेवीस किलोच्या आसपास भरते. पोटुशी शेळी यात थोडी चुकते, पण नुसत्या नजरेपेक्षा हा अंदाज पुष्कळ बरा. मोठ्या कळपात प्रत्येकीचे वजन होत नसेल तर सारख्या आकाराच्या शेळ्यांचे गट करावेत आणि गटातल्या सर्वांत जड शेळीच्या वजनाने मात्रा ठरवावी, सरासरीने नाही.

दुसरी चूक बाटलीच्या टक्केवारीची. अल्बेंडाझोल २.५ टक्क्यांचेही मिळते आणि १० टक्क्यांचेही. २५ किलोच्या शेळीला पहिल्याचे १० मि.लि. लागते, तर दुसऱ्याचे केवळ अडीच मि.लि. सवयीने दुसऱ्या बाटलीतले १० मि.लि. पाजले तर चौपट मात्रा जाते. लेबल दरवेळी वाचावे, अगदी तेच दुकान आणि तीच कंपनी असली तरी. आणि बाटली पाजण्यापूर्वी व मध्येमध्ये जोरात हलवावी. माझ्याकडच्या एक लिटरच्या डब्याच्या तळाशी मी एकदा काठी घालून पाहिली, तर बोटभर पांढरा गाळ घट्ट बसला होता. याचा अर्थ सुरुवातीच्या शेळ्यांना पाण्यासारखे औषध मिळाले होते आणि शेवटच्या शेळ्यांना घट्ट मलईसारखे मिळणार होते.

तिसरी गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. शेळी म्हणजे लहान मेंढी नव्हे. शेळीचे यकृत अल्बेंडाझोलसारखी औषधे मेंढीपेक्षा लवकर निकामी करते, त्यामुळे मेंढीसाठी छापलेली मात्रा शेळीला बहुधा कमी पडते आणि पशुवैद्यक ती दीडपट किंवा दुप्पट करून सांगतात. हा नियम सगळ्या औषधांना मनाने लावणे मात्र जिवावर बेतू शकते. लेव्हामिसोलमध्ये योग्य मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यात अंतर थोडे असते आणि जास्त झाल्यास लाळ गळणे, थरथर आणि तोंडाला फेस अशी लक्षणे तासाभरात दिसू लागतात. क्लोसँटेल जास्त झाले तर शेळी कायमची आंधळी होऊ शकते. ही दोन्ही औषधे मी स्वतः ठरवून कधीही देत नाही.

पाजताना आणि पाजल्यावर

सुई काढलेली सिरिंज किंवा पाजण्याची पिचकारी तोंडाच्या कोपऱ्यातून, दात नसलेल्या जागेतून आत घालावी आणि औषध जिभेच्या मागच्या भागावर हळूहळू सोडावे. मान आडवीच ठेवावी. तोंड आकाशाकडे करून पाजले की औषध श्वासनलिकेत उतरते आणि शेळी दोन-तीन दिवसांत फुप्फुसाच्या दाहाने मरते, आणि मग "औषध लागले नाही" असे म्हटले जाते. ठसका लागला तर तत्काळ थांबून मान सोडून द्यावी. औषध जिभेच्या पुढच्या भागावर सांडले तर ते पहिल्या पोटाला वळसा घालून थेट पुढे जाण्याची शक्यता असते. तसे झाले तर अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल यांचा परिणाम कमी होतो, कारण पहिल्या पोटात साचून तिथून हळूहळू उतरत राहण्यातच त्यांची ताकद आहे. त्याच कारणासाठी या दोन औषधांपूर्वी रात्रभर चारा न देता सकाळी पाजलेले बरे, पाणी मात्र चालू ठेवावे. गाभण, खूप अशक्त आणि लहान शेळ्यांना असा उपास घडवू नये.

गाभणपणाच्या पहिल्या दीड महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नये, पोटातल्या करडात व्यंग येऊ शकते. आपल्याकडे बोकड वर्षभर कळपातच मोकळा असतो, त्यामुळे कोणती शेळी कितव्या महिन्यात आहे हे सांगता येत नाही, आणि सगळ्यांना एकदम पाजण्यात हा धोका दरवेळी पत्करला जातो. गाभण शेळीसाठी फेनबेंडाझोल अधिक सुरक्षित मानले जाते. तरी पशुवैद्यकाला विचारूनच द्यावे. दूध घरात वापरत असाल किंवा बोकड बकरी ईदला विकायचा असेल, तर औषधानंतर दूध आणि मांस किती दिवस वापरायचे नाही हे लेबलवर पाहावे आणि तेवढे दिवस हिशेबात धरूनच तारीख ठरवावी. गिऱ्हाइकाच्या ताटात औषध जाणार नाही याची जबाबदारी आपलीच आहे.

पापणी खडूसारखी पांढरी पडलेल्या शेळीला दवाखान्यापर्यंत चालवत नेऊ नये, धावपळीनेच तिचा जीव जातो. तिला सावलीत, हाताशी पाणी ठेवून बांधावे आणि डॉक्टरांना घरी बोलवावे. औषधाने जंत मेले तरी गेलेले रक्त लगेच परत येत नाही. पापणीला रंग चढायला तीन-चार आठवडे लागतात, आणि तेवढ्या काळात तिला शेंगदाणा पेंड, सुबाभूळ किंवा शेवरीचा पाला असा प्रथिनांचा खुराक मिळाला नाही तर औषधाचे पैसे वाया जातात.

पळसपापडी, वावडिंग, कडुनिंबाचा पाला ही आपल्या आजी-आजोबांची औषधे आहेत आणि त्यांचा मी अनादर करत नाही. पण चौथ्या-पाचव्या पायरीवर पोहोचलेल्या शेळीला त्यांच्या भरवशावर ठेवू नये. मोरचुदाचे पाणी पाजण्याची जुनी पद्धत तर पूर्णपणे सोडून द्यावी. त्यातल्या तांब्याची विषबाधा होऊन जनावर दगावते.

औषध लागू पडले की नाही

औषध दिल्याच्या दिवशी आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी लेंडी तपासून घेणे हाच याचा खरा निवाडा आहे. हातात पॉलिथिनची पिशवी उलटी घालून शेळीच्या गुदद्वारातूनच दहा-बारा ताज्या लेंड्या घ्याव्यात, पिशवी पलटून हवा काढून गाठ मारावी, वर शेळीचा क्रमांक लिहावा आणि बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी दवाखान्यात किंवा प्रयोगशाळेत पोहोचवावी. जमिनीवरची जुनी लेंडी चालत नाही, कारण उबेत अंड्यांतून एक-दोन दिवसांत अळ्या बाहेर पडतात आणि मोजणी खोटी येते. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात, तसेच परभणी, उदगीर, शिरवळ, नागपूर आणि मुंबई येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत याबाबत चौकशी करावी. एका ग्रॅममध्ये किती अंडी, असा आकडा मागावा. नुसते "जंत आहेत" एवढे उत्तर या कामाला पुरत नाही. समजा आधी २,००० अंडी होती आणि चौदा दिवसांनी ६०० राहिली, तर घट ७० टक्के झाली. ही घट ९५ टक्क्यांच्या खाली असेल आणि मात्रा वजनाप्रमाणे दिली होती याची खात्री असेल, तर जंत त्या औषधाला सरावले आहेत असे समजावे. एकाच शेळीवरून निष्कर्ष काढू नये, निदान दहा शेळ्यांचे नमुने द्यावेत.

मग औषध बदलायचे म्हणजे नेमके काय बदलायचे? इथे सर्वांत जास्त पैसे फुकट जातात. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल आणि ऑक्सफेंडाझोल ही एकाच कुळातली औषधे आहेत. एकाला सरावलेले जंत दुसऱ्यालाही बहुधा दाद देत नाहीत. तीन वर्षांत मी पाच कंपन्यांच्या बाटल्या बदलल्या आणि पाचही बाटल्यांवर बारीक अक्षरांत यांपैकीच एक नाव होते. लेव्हामिसोल वेगळ्या कुळाचे, आयव्हरमेक्टिन व डोरामेक्टिन आणखी वेगळ्या कुळाचे, आणि क्लोसँटेल व रॅफॉक्सानाइड चौथ्या कुळाचे आहे. बाटलीच्या मोठ्या रंगीत नावाखाली जे लहान नाव असते, ते वहीत लिहून ठेवावे. दोन कुळांची औषधे एकाच वेळी, प्रत्येकाची पूर्ण मात्रा देऊन, सरावलेल्या जंतांवर मात करता येते, पण हा निर्णय लेंडीचा अहवाल पाहून पशुवैद्यकानेच घ्यावा.

रान आणि गोठा

अंडी घट ९५ टक्क्यांच्या वर असूनही महिन्याभरात शेळ्या पुन्हा पांढऱ्या पडत असतील, तर औषधाने काम केले आहे आणि रोग रानातून परत येत आहे. हिमोंकसची एक मादी दिवसाला पाच हजारांहून अधिक अंडी घालते. ओल आणि ऊब असली की आठवडाभरात त्यांतून चरणाऱ्या जनावराला लागण करणारी अळी तयार होते, आणि ती पोटात गेल्यापासून तीन आठवड्यांत नवी मादी अंडी घालू लागते. ही अळी दवाच्या ओलाव्यातून गवताच्या पात्यावर चढते, पण सहसा चार-पाच बोटांच्या वर जात नाही. म्हणून पावसाळ्यात दव उतरल्यावरच शेळ्या सोडाव्यात, आणि गवत चार बोटांपर्यंत खुरटले की ते रान सोडून द्यावे. शेळी मूळची पाला ओरबाडणारी आहे. बाभूळ, बोर, हादगा, सुबाभूळ यांचा पाला तिला मानेच्या उंचीवर मिळाला तर तोंडात अळ्या जातच नाहीत. बांधावर शेवरी-सुबाभूळ लावल्यापासून माझ्या औषधाचा खर्च जितका उतरला, तितका कोणत्याही बाटलीने उतरला नव्हता.

सोडलेल्या रानाला पावसाळ्यात दोन-अडीच महिने विसावा मिळाला तर बऱ्याचशा अळ्या उपाशी मरतात, आणि मधल्या काळात तिथे गाई-म्हशी चारल्या तर त्या अळ्या गिळतात. शेळीचे बहुतेक जंत त्यांच्या पोटात तग धरत नाहीत. गोठ्यात गव्हाण शेळीच्या खांद्याच्या उंचीला असावी, म्हणजे करडे तिच्यात चढून लेंड्या टाकणार नाहीत. पाण्याच्या कुंडीखालची जागा कोरडी ठेवावी. कॉक्सिडिया तिथेच वाढतो.

बाजारातून आणलेली शेळी स्वतःबरोबर दुसऱ्याच्या गोठ्यातले सरावलेले जंत घेऊन येते. आठवडी बाजारातून आणलेल्या दोन पाठी (तरुण शेळ्या) मी थेट कळपात सोडल्या होत्या, आणि त्यानंतरच्या वर्षापासून माझ्याकडे फेनबेंडाझोल लागू पडेनासे झाले. आता नवी शेळी निदान तीन आठवडे वेगळ्या दाव्याला बांधून राहते, आल्याच्या दिवशी तिची लेंडी तपासायला जाते, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दोन वेगळ्या कुळांचे औषध वजनाप्रमाणे दिले जाते, आणि चौदाव्या दिवशीच्या लेंडीत अंडी आढळली नाहीत तरच तीन आठवड्यांनी तिचे दावे सोडले जाते.